अकरा वीसचं विमान

गुरुदत्तनं विमानात कधी पाय ठेवला नव्हता, पण फोर्टातल्या तिकीट कचेरीत बसून बसून त्याला सगळी विमानं तोंडपाठ झाली होती. लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल, वाटेत रोम, कैरो, थांबे धरून वीस-एकवीस तास. खोताच्या वाडीतली माणसं गंमत म्हणून विचारत आणि तो न चुकता सांगे. ज्यांचं परळच्या पलीकडे कधी काम पडत नसे, त्यांनाही कैरो किती तासांवर आहे ते ठाऊक होतं.

सोमवारी पहाटे अण्णा गेले, तेव्हा थोरला भाऊ शरच्चंद्र लंडनला होता. गुरुदत्तनं तार केली. संध्याकाळी उत्तर आलं, आजच्या विमानात जागा मिळाली, थांबा. अग्नी थोरल्यानं द्यायचा ही रीतच. पण आईला एवढंच हवं होतं, की शरूनं बापाचं तोंड एकदा पाहावं. मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या.

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलेलं, त्यात दुपारी तीननंतर संचारबंदी. मंगळवारी सकाळी कमलाकांतकाकांनी गुरुदत्तला बाजूला घेतलं.

"गुरू, नीट बघून सांग. कितीला उतरतो तो?"

गुरुदत्तनं वेळापत्रक उघडलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. रडूही येत नव्हतं, सगळं अंग बधिर झालं होतं. मुंबई, मंगळवार, अकरा वीस. लंडनचं घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणून त्यानं त्यात साडेपाच तास मिळवले.

"पाचला दहा कमी," तो म्हणाला.

"म्हणजे घरी यायला सात. संचारबंदीत त्याला कोण सोडणार? आणि उद्यापर्यंत कसं ठेवायचं?"

आईनं गुरुदत्तकडे पाहिलं. "हा म्हणतोय ना, मग तसंच असेल. न्या त्यांना."

चंदनवाडीच्या स्मशानात न्हाव्यानं गुरुदत्तची डोई भादरली. भटजी सांगतील तसं तो करत गेला. मडकं फुटलं तेव्हाही त्याला काही वाटलं नाही. ओलं धोतर पायाला चिकटत होतं, तेवढंच कळत होतं.

एकच्या सुमारास सगळे वाडीच्या तोंडाशी परतले, तर टॅक्सी उभी होती. शरच्चंद्र बॅग उतरवत होता. त्यानं भावाचं तुळतुळीत डोकं पाहिलं आणि बॅग हातातून सोडून दिली.

तेव्हा गुरुदत्तच्या लक्षात आलं. वेळापत्रकात मुंबईपुढे छापलेली वेळ मुंबईचीच असते. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी तो हेच शिकवत असे. त्याला लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटेना.

घरात अण्णांना ठेवलं होतं तिथे दिवा तेवत होता. आई शेजारी बसली होती.

"थांबला का नाहीत, आई?" शरच्चंद्र दारातूनच म्हणाला.

"तुझं विमान पाचला येणार होतं ना, बाळा. गुरूनं सांगितलं. त्याचं कधी चुकत नाही. तुझंच लवकर आलं असेल."

शरच्चंद्रनं भावाकडे पाहिलं. विमान मिनिटभरही लवकर आलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"हो," गुरुदत्त म्हणाला. "लवकरच आलं."

शरच्चंद्रनं खाली वाकून बुटांचे बंद सोडले आणि आंघोळीला गेला.