कुळाबाहेरची लेक

या भिकुबाईचा देवावर विश्वास नाही, असं मला कुणी ऐकवू नका. श्रावणात नारळाच्या रूपात बसते ती आमची कानबाई देवी, तिच्या नारळाला नथ मी घालते, डोळे मी लावते आणि डोक्यावर घेऊन तापीत सोडतेही मीच. पण माझं तिच्याशी भांडण आहे, आणि ते मी तिच्या तोंडावर करते.

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्यानंतरचा तो पहिला श्रावण. आमच्यात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात. आदल्या वर्षी चौघांचे काढले होते, घरधन्याचे आणि तीन पोरांचे. एक दाणा सांडला नव्हता हो! तरी आश्विनात दोन पोरं आठ दिवसांत गेली. तिकडे नदीपलीकडे जावईही गेला. यंदा दोनच मुठी काढायच्या होत्या. तिसऱ्यांदा हात आपोआप सुपात गेला आणि मी तिथेच रडले. म्हटलं, ‘काय चुकलं गं बाई आमचं?’ नारळ कशाला बोलतोय!

रोटांचा नेम कडक असतो. ते, सोबतची खीर-भाजीसुद्धा, कुळातल्याच माणसांनी खायचे. लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची, तिला ते चालत नाहीत. बाईला पाण्यात सोडेपर्यंत घरात दुसरं काही शिजवायचं नाही. आमची सगळी गल्ली भाऊबंदांची, त्यामुळे घरोघरी तेच.

रविवारी दुपारी पानं वाढली आणि दारात माझी कमल उभी. होडीतून उतरून पायी आलेली. गालफडं पार बसलेली.

‘‘माय, माले भूक लागनी. दोन दिन व्हयनात, पोटमा काही नई.’’

सासरीही कानबाई होतीच. गहू काढतानाच सासू म्हणाली होती, तुझ्या माणसाची मूठ यंदा नाही, मग तू कुणाच्या नावाचं खाणार? तेव्हापासून तिला कुणी ताट दिलं नव्हतं. म्हणून बिचारी माहेरी आली.

मी रोट उचलला तसे आमचे हे गरजले, ‘‘ती आते त्या घरनी शे. आपला रोट तिले चालत नई. सकाय बाईले पानीमा सोडसूत, मंग जेवाड तिले.’’

आणि मी आई! मी काय केलं? पितांबरकडे पाहिलं. तीन पोरांतला तो एकच उरला होता. नेम मोडला आणि त्यालाही काही झालं तर? रोट खाली ठेवला. लेकीला पाण्याचा तांब्या दिला आणि ओट्यावर बसवलं.

रोट उरवायचे नसतात, म्हणून आम्ही खात राहिलो. तीन खाल्ले मी. वर खीर, गंगाफळाची भाजी. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण घास गिळत होते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना म्हणतात ना, तसं झालं पोरीचं. शेवटी दीड रोट उरला. तो कुत्र्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून यांनी अंगणात खड्डा करून पुरला. लेक बघत होती.

हात धुऊन बाहेर आले तर ओटा रिकामा. आमच्या शेतात निंदणीला येणारी दिवलीबाई, भिलाची बाई, तिने कमलला हाताला धरून आपल्या झोपडीत नेलं होतं आणि जेवू घातलं होतं. गल्लीत बोभाटा झाला. हे म्हणाले, भिलाच्या घरी जेवली, आता तिने आपला उंबरा चढायचा नाही.

‘‘इथला रोट चालत नई, तिथली भाकर चालत नई, मंग पोरनी माती खावानी का?’’ मी ओरडले. चांगली मोठ्याने ओरडले. पण ओरडले कधी, तर जेवल्यावर.

सोमवारी सकाळी बाईला डोक्यावर घेऊन नदीवर गेले. बाकीच्या गाणी म्हणत होत्या. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून विचारलं, ‘तुला आम्ही माय म्हणतो ना? मग तुझ्यासमोर लेक उपाशी उठली, तेव्हा तू कुठे होतीस? हा नेम तुझा की पुरुषांचा? तुझा असेल तर जळो तो! आणि पुरुषांचा असेल तर तू गप्प का गं?’ असं भांडून वर हात जोडून मागितलंच, पितांबरला सांभाळ. काय करू, तिच्यावाचून मागायचं तरी कुणाकडे?

घरी येऊन चूल पेटवली. ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या, वर तूप घातलं आणि फडक्यात बांधून तशीच दिवलीबाईकडे धावले. ती दारातच म्हणाली, बाई, रागावू नका, पोर चक्कर येऊन पडत होती, म्हणून माझ्यातली अर्धी भाकर दिली. चुलीवरचं तिचं मडकं रिकामं होतं.

कमल आत बसली होती. मी फडकं सोडून पुढे ठेवलं. तिने भाकरीला हात लावला नाही. मग लेकी आईला विचारतात तसंच, मनात काही न ठेवता तिने विचारलं,

‘‘माय, तुन्हं जेवन व्हयनं का?’’

‘‘व्हयनं, कालच,’’ मी म्हटलं.