गुलाबी मुठीची कात्री

मावशीने आयुष्यात एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे शिवण. तीस बायकांच्या शिवणखात्यात एकोणचाळीस वर्षं ती कापडावर वाकून राहिली, आणि खातं बंद पडल्यावर तिला कळेना की आता वाकायचं कशावर. शेवटी भाचीने तिला ब्लॉग काढून दिला.

"दिवसभर मला जे ऐकवतेस ना, ते इथे लिही," भाची म्हणाली. "माझे कान तरी सुटतील."

मावशी लिहू लागली. अडकलेली चेन मेण लावून कशी चालती करावी, विरलेल्या कोपराला ठिगळ कसं द्यावं की ते मिरवावंसं वाटेल. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे एकच वाचक असे, इंची. सव्वीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसलेली मैत्रीण. सगळं जग ती इंचात मोजायची. नवऱ्याचं बिनसलं तरी म्हणायची, "आज दोन इंच जास्तच फुगलाय." खातं बंद झालं, इंची लेकाकडे परगावी गेली, नंबर बदलला, आणि अकरा वर्षांत तिचा पत्ता म्हणून लागला नाही. कधीतरी ती हे वाचेल, ह्या आशेवर मावशीचा दर आठवड्याचा लेख चुकत नसे.

एके दिवशी भाचीच्या डोक्यात नवं खूळ शिरलं.

"मावशी, लेखाखाली वस्तू लावायच्या. कात्रीचा लेख, तर खाली कात्री. फोटो, किंमत आणि बटण. वाचणाऱ्याने त्या बटणावरून घेतली की कंपनी आपल्याला थोडे पैसे देते. ह्याला अ‍ॅफिलिएट म्हणतात."

"आमच्या वेळी दलाली म्हणायचे."

"तुमच्या वेळी कशालाच चांगलं नाव नव्हतं."

"आणि वस्तू कोणी निवडल्या?"

"मी. प्रत्येकीला साडेचार चांदण्या आहेत."

"चांदण्या कोणी दिल्या?"

"लोकांनी."

"शिवणाऱ्या लोकांनी, की नुसत्या बघणाऱ्या?"

भाची चहा टाकायला उठून गेली.

जुन्या कात्रीला धार कशी लावावी, ह्यावर मावशीने भलामोठा लेख लिहिला होता. धार गेली म्हणून कात्री टाकून नवी घेणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं, हे त्यातलं शेवटचं वाक्य. आणि त्या वाक्याच्या बरोब्बर खाली आता एक गुलाबी मुठीची कोरी कात्री झळकू लागली. तिसऱ्या दिवशी भाची नाचतच आली. "मावशी, एक कात्री गेली! पहिली!"

"अरेरे," मावशी म्हणाली. "कोणाचं गं नुकसान झालं?"

पुढच्या आठवड्यात लेखाखाली दोन ओळी उमटल्या. "दुगाठे, धार लावायला शिकवतेस आणि खाली हे खेळणं विकतेस? हातात तरी धरलीस का कधी? – इंची."

मावशीने त्या तीनदा वाचल्या. ती प्रत्येक दोऱ्याला दोन गाठी मारायची, म्हणून खात्यात तिला दुगाठी म्हणत. ते नाव बाहेर कोणाला ठाऊकच नव्हतं.

"अकरा वर्षांनी तोंड उघडलं, तेही चावायला," ती म्हणाली आणि चष्मा काढून पुसू लागली.

"पुसून टाकू ते?" भाचीने विचारलं.

"हात लावशील तर याद राख."

"मग लिही ना, कात्री छान आहे म्हणून."

"मी कुठे बघितलीये?"

खात्यात एक नियम होता. न चालवलेल्या हत्याराला चांगलंही म्हणायचं नाही, वाईटही नाही. नवी कात्री आली की मलमलीच्या आठ घड्या घालायच्या, त्या भिजवायच्या आणि टोकापर्यंत कापत जायचं. कापड एका बाजूने इंची धरायची, दुसऱ्या बाजूने मावशी. आता खोटं लिहिलं तर इंचीला पहिल्या शब्दात कळणार आणि ती पुन्हा नाहीशी होणार. गप्प बसलं तरी तेच. उत्तर द्यायचं तर खरं द्यायचं.

मावशीने गुपचूप कात्री मागवली, आपल्याच लेखाखालचं बटण दाबून. तिला तेवढंच दुकान माहीत होतं. मग वाटलं, इंची बाकीच्या वस्तूंचंही विचारणार. म्हणून आणखी सहा मागवल्या.

"सात!" दुसऱ्या दिवशी भाची ओरडली. "मावशी, एका दिवसात सात वस्तू गेल्या!"

"वा," मावशी म्हणाली आणि दोरा ओवू लागली.

खोकी दारात आली तेव्हा भाचीचा चेहरा उतरला. "हे सगळं तू घेतलंस? अगं, आपल्या बटणावरून आपणच घ्यायचं नसतं! कंपनी ते धरत नाही, वर कान उपटते."

कंपनीने उपटलेच. सातही वस्तू रद्द धरल्या आणि कडक शब्दांत ताकीद आली. उरली फक्त ती पहिली कात्री.

"आता रडून काय उपयोग?" मावशी म्हणाली. "कापड धर तिकडून."

दोन घड्या कात्रीने कशाबशा कापल्या, तिसरीला मात्र ती कापड चघळत बसली. खोक्यातली मापाची टेप जुन्या पट्टीशी लावून पाहिली तर अर्धा इंच आखूड. खडू कापडावरून निघेचना. सातांतून पास झालं ते एकटं अंगुस्तान. मावशीने त्याचं बोटात घालून कौतुक केलं आणि कात्रीच्या फोटोखाली लिहिलं, "ही तिसऱ्या घडीला अडते. न बघता लावली, ही चूक माझी."

"लावली मी, चूक तुझी?"

"लेख माझा आहे ना?"

भाचीने कपाळाला हात लावला. "असा धंदा जगात कोणी केला नसेल, मावशी."

इंचीला मावशीने लिहिलं, "धरली नव्हती. आता धरली. तुझंच बरोबर. नंबर दे."

दोन दिवस काहीच आलं नाही. मावशी कॉम्प्युटरवरची धूळ पुसत राहिली. तिथे इतकी धूळ कधीच नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी नंबर आला. मावशीने लगेच फोन लावला.

"तिसऱ्या घडीपर्यंत गेली तुझी?" पलीकडून थेट सुरुवात. "माझी तर दुसरीलाच अडली!"

"तुझी? तुझ्याकडे कुठून आली?"

"तुझ्याच बटणावरून घेतली. न चालवताच बोलेन होय मी?"

भाची कान लावून उभीच होती. तिच्या तोंडाचा आ झाला. पहिली कात्री!

"म्हणजे नुकसान झालं ते तुझंच," मावशीला हसू आवरेना. "आणि दुसरीला अडली, कारण तू अंगठा दाबतेस. सव्वीस वर्षं सांगतेय."

"अंगठ्याचं काही नाही गं," इंची म्हणाली. "कापड पलीकडून धरायला कोणी नव्हतं."

मावशीने पायाने स्टूल ओढून घेतलं, ऐसपैस बसली आणि भाचीला हातानेच खुणावलं, जा, तुझं काम दुसऱ्या खोलीत ने.