आम्लात गेलेला नमुना

सकाळी सव्वानऊला प्रयोगशाळेतल्या सहायकाने बाटलीतली एका आजाऱ्याची सगळी लघवी आम्लात ओतून तापत ठेवली. दुपारी यंत्राने आकडा दिला: आर्सेनिक, मर्यादेच्या पाचपट. आता त्यातला प्रकार तपासायचा म्हणून तो बाटलीकडे वळला. बाटली रिकामी होती.

आम्लात उकळलं की आर्सेनिकचे प्रकार मोडतात. किती होतं ते कळतं. विषारी होतं की मासे खाल्ल्यावर येणारं निरुपद्रवी, हे कळत नाही. इतकी वर्षं तो नुसता एकूण आकडा काढत आला होता. प्रकार वेगळे करणारं यंत्र नुकतंच आलं होतं. हात जुन्या सवयीने चालला.

बाहेर बाकावर त्या आजाऱ्याची सून बसली होती. हिनेच जेवणातून विष घातलं, असं सासूचं म्हणणं. नवऱ्याने तिला माहेरी धाडलं होतं. लहान मुलगी सासरीच ठेवून घेतली होती.

“दादा, लागला का निकाल?”

“बसा ना, वहिनी.”

“सकाळपासून बसूनच आहे. मामंजींनी मित्राकडे मासे चापले होते हो. डॉक्टर म्हणाले, तुमचं यंत्र माशांचं वेगळं दाखवतं.”

“दाखवतं. पण माझ्या हातून नमुना संपला. चूक माझी.”

“मग दुसरा घ्या.”

“तो नमुना घेऊन चार दिवस झाले. माशांचं असेल तर एव्हाना वाहून गेलं.”

“म्हणजे मीच विष घातलं?”

“तसं ठरलं नाही.”

“घातलं नाही, असंही नाही ना ठरलं? त्यांना तेवढं पुरे. नणंद आधीच माझ्या हातचा चहा मांजराला हुंगायला द्यायची.”

तो आत गेला. प्रमुख बाईंनी ऐकून घेतलं.

“इतक्या वर्षांत एक चूक, तीही नेमकी आज?”

“आजचीच कळली, मॅडम.”

त्या हसल्या नाहीत. “केस तपासू या.”

“टक्कल आहे त्यांना.”

“मग नखं. विष नखांत उतरतं, माशांचं सहसा उतरत नाही. पण तो भाग वाढून टोकाशी यायला काही महिने जातील. नेमका कधी येईल सांगता येत नाही, तोवर नखं कापू नका म्हणावं.”

चूक कुणाची, हे त्याने अहवालात स्वतःच्या नावानिशी लिहिलं आणि निरोप दोन्ही घरी कळवला.

आजारी माणूस आता रुग्णालयातून घरी आला आहे. सासूने दोनदा नखं कापायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी हात चादरीखाली ओढून घेतले. सून अजून माहेरीच आहे.