फांदीवर राहिलेली साखळी

जरा खाली वाका. ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉलीच्या मध्ये, लोखंडी दांडीखाली लोंबतेय ना, ती मी साखळी बोलतेय. माझ्याकडे कुणी बघत नाही याची मला सवय आहे. लोक बघतात ट्रॅक्टरचा रंग, ट्रॉलीवर रंगवलेलं नाव, आणि गाणी किती मोठ्याने लागलीत ते.

मी कुठल्या भट्टीत जन्मले ते ठाऊक नाही. मला आठवतं ते शहाद्याचं शांतिलाल शेठचं दुकान. लोणखेड्याचे सुकलालनाना आपल्या मुलाला, हेमकांतला घेऊन तिथे आले. घरात नवी मोठी ट्रॉली आली होती आणि ट्रॅक्टरचा जुना हुक तिला पुरणारा नव्हता. शेठने आधी ट्रॉलीत माल किती भरणार ते विचारलं. मग तेवढं वजन पेलेल असा हुक काढला, त्यात नीट बसणारी जाड पिन दिली, पिन उडू नये म्हणून तिच्या टोकाला लावायचं लॉक दिलं, आणि शेवटी खिळ्यावरून मला खाली उतरवलं.

“शेठ, पिन शे ना. मंग साखळी कसाले?” हेमकांतने हसत विचारलं.

“पिन निंघी गयी त हाईच कामले यी,” शेठ म्हणाले.

माझी नोकरी ही अशी. एक टोक ट्रॅक्टरला, दुसरं ट्रॉलीच्या दांडीला, मध्ये वळणापुरती ढील. सगळं सुरळीत चाललं की मी रिकामटेकडी. पिनबाई दिवसभर ओढ सोसायची, ग्रीस तिला मिळायचं आणि धूळ मला. तिचा तोरा काय सांगू! पण माझ्यावर काम पडावं असं मलाही कधी वाटलं नाही. माझ्यावर काम पडणं म्हणजे कुणाचं तरी काहीतरी बिघडणं.

हेमकांत मला आवडायचा. चढ आला की तो ट्रॅक्टरला म्हशीसारखं चुचकारायचा, “चाल माय, चाल.” वर पोहोचलो की स्वतःच खूश व्हायचा.

मग अखाजी आली. तुम्ही तिला अक्षय तृतीया म्हणता. आमच्याकडे अखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि दारोदारी झोके बांधले जातात. हेमकांतची बहीण रूपालीही आली. अंगणातल्या कडुनिंबावर दरवर्षी झोका असायचा, पण दोर फांदीवर घासून तुटायचा. गेल्या खेपेला रूपाली आपटलीही होती.

“औंदा नही तुटाव,” असं म्हणत हेमकांतने मला ट्रॉलीवरून सोडवलं, फांदीभोवती गुंडाळलं आणि माझ्या टोकांना झोक्याचा दोर बांधला.

खरं सांगते, ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. रूपाली झोके घ्यायची, गाणी म्हणायची, तिची आई कौसाबाई ओट्यावरून “हळू वं पोरी” म्हणून ओरडायची. त्या घरात पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

सासरी निघताना रूपाली म्हणाली, “भाऊ, मी दिवाईले येसू. तवलोंग झोका ऱ्हाऊ दे.”

भावाने मान हलवली. बहिणीने हक्काने मागितलं आणि भावाने दिलं, यात कुणाला काय चूक दिसणार?

त्या वर्षी ऊसतोड दिवाळीच्या आधीच सुरू झाली. तोडलेला ऊस उन्हात पडला की वाळतो, म्हणून सगळी घाई. ट्रॉली भरून पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला लागायची आणि मी फांदीवरून बघत राहायची. पिनचं लॉकही एव्हाना कुठेतरी पडलं होतं. त्या जागी हेमकांतने तार पिळून लावली होती. वरून मला ती तार दिसायची आणि जीव खालीवर व्हायचा. पण साखळीला तोंड कुठे असतं?

एका सकाळी नानांच्या लक्षात आलं. “हेमा, साखळी लाई ले रे.”

“दिवाई हुई जाऊ द्या, नाना. रूपालीले सांगेल शे.”

नानांनीही मान हलवली आणि ते शेताकडे निघाले. लेकीचा विषय निघाला की बापाचं असंच होतं.

त्याच दुपारी दलसिंग अंगणात धावत आला. तोरणमाळकडून आलेल्या ऊसतोड्यांचा तो मुकादम. त्याने सांगितलं ते असं. पाटाच्या पुलाच्या चढावर खड्ड्यात चाक आदळलं, तार तुटली, पिन उडाली आणि भरलेली ट्रॉली मागे घरंगळायला लागली. मागून तोडीची माणसं चालत येत होती. हेमकांतने ट्रॅक्टर थांबवून खाली उडी मारली आणि दगड उचलून चाकामागे घालायला धावला.

दलसिंगची माणसं वाचली. हेमकांत चाकाखाली आला आणि गेला.

मी तिथे असते तर? लोखंडाचा जीव माझा, पण हा प्रश्न मला आतून गंजवतो. दोन हातांवर धरलं असतं मी त्या ट्रॉलीला. एवढ्याचसाठी तर मला विकत घेतलं होतं.

रूपाली दिवाळीआधीच आली. झोक्याखाली बसून म्हणाली, “माय, मीच सांगेल व्हतं ऱ्हाऊ दे म्हनीसन.”

कौसाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. “तू झोका मांगा, भाऊनी दिन्हा. तुन्हा काय दोष, पोरी?”

मला खाली उतरवलं ते कौसाबाईनेच. आता ट्रॅक्टर नानांचा पुतण्या भूपेश चालवतो. नवं लॉक आलंय, मी पुन्हा दांडीखाली आलेय. तुमच्याही ट्रॉलीला माझी एखादी बहीण असेल. दुसऱ्या कामाला न्यायची तर न्या, पण ट्रॉली बाहेर काढण्याआधी तिला परत आणा. दोन्ही टोकं अडकवा, हाताने ओढून बघा. आम्हाला फुकट बसवून ठेवण्यातच तुमचं भलं आहे.

कौसाबाई आता हे रोज करते. ट्रॅक्टर सुरू झाला की ओट्यावरून उतरते, गुडघा धरून वाकते, मला ओढून बघते. मग चाकापासून बाजूला होऊन हाक मारते, “जाय हेमा, सांभाळीसन जाय.”

भूपेश तिची नावाची चूक कधी सुधारत नाही. “हो माय,” म्हणतो आणि गाडी हळू काढतो.