सगळ्यात वरची ओळ

दुसऱ्या घावाला दाराची फळी चिरली आणि फटीतून लोखंडी गज आत घुसला.

"काका, सरका!" ताई ओरडली. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांच्या त्या आसऱ्यात ती आठवड्यापूर्वी आली होती. दाराबाहेर तिचा नवरा होता.

काका सरकले नाहीत. साठी उलटलेले, आसऱ्याचे राउटर सांभाळणारे. इंटरनेटची लाइन संथ चालतेय म्हणून बघायला आले होते. त्यांनी टेबल दाराला लावलं आणि पाठ टेकली.

"पत्ता कसा सापडला, विचार ना म्हाताऱ्या!" नवरा बाहेरून हसला. "केबलच्या ऑफिसात बसतो मी. तुमचा सगळा मजकूर माझ्यासमोरून जातो. चार दिवस झाले, सगळा उघडा!"

चार दिवस! काकांना आपण लिहिलेली ओळ आठवली.

नातीला ते नेहमी समजावत: राउटर म्हणजे नाक्यावरचा शिपाई. त्याच्या हातात नियमांची यादी. इस्पितळाकडे जाणारा मजकूर कुलूपबंद करून पाठव, बाकीचा तसाच जाऊ दे. शिपाई यादी वरून वाचतो. लागू पडणारी पहिली ओळ मिळाली, की खाली ढुंकूनही बघत नाही. चार दिवसांपूर्वी चाचणीसाठी काकांनीच सगळ्यात वर लिहिलं होतं, सगळं उघडं जाऊ दे. काम झालं, चहा आला, ओळ पुसायची राहिली. कुलपाचा नियम खाली जागच्या जागी होता. ताईच्या जखमांचे इस्पितळाला धाडलेले कागद आसऱ्याच्या पत्त्यासकट उघडे गेले.

दार कोसळलं. गज ताईच्या डोक्यावर उगारला गेला, तेव्हा काकांनी उजवा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव खांद्यावर बसला. ताईने खुर्ची उचलून नवऱ्याच्या तोंडावर हाणली. दात फरशीवर सांडले. मग धावून आलेल्या बायका त्याच्या अंगावर बसल्या, त्या पोलीस येईपर्यंत उठल्या नाहीत.

"काका, आधी हात बांधू," ताई म्हणाली.

"आधी ओळ." रक्ताळलेल्या डाव्या हाताने लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधत त्यांनी ती पुसली. "पोरी, त्याला वाट मी दाखवली गं."

"ऐकलं मी," ताई एवढंच म्हणाली. उशीचा अभ्रा फाडून तिने त्यांचा हात गळ्यात बांधला. गाठ जरा घट्टच मारली.

संध्याकाळी तिला दुसरीकडे न्यायला गाडी आली. नवा पत्ता कुठेच लिहिला नव्हता. बायका निरोप द्यायला फाटकाशी गेल्या. काका मात्र, गाडी कुठे वळते ते दिसू नये म्हणून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.