ताटल्या वाजवणारा ॲम्प

“पाठ फिरवून बस. आणि चोरून बघायचं नाही हं!” ढगोबानं बायकोला दम भरला.

“बघायला तुम्ही काय नवरदेव लागून गेलात?” वहिनी म्हणाल्या, पण खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्या.

ढगोबा म्हणजे आमच्या बँडचा बेस गिटारवाला. मी ड्रमवाला. त्याची गिटार खालच्या पट्टीत गुरगुरते, म्हणून ढगोबा. पार्ट्यांत वाजवता वाजवता आमचे केस गेले, पण गिटारचा आवाज वाढवणारा त्याचा व्हॉल्व्हचा ॲम्प काही गेला नाही. कपाटाएवढं धूड! मागे काचेचे व्हॉल्व्ह, ते तापून लालसर झाल्याशिवाय पठ्ठ्या तोंड उघडायचा नाही. दोन्ही बाजूंना कड्या. एक ढगोबाच्या हातात, दुसरी वहिनींच्या. हमालाला हात लावू देतील तर शपथ! एकानं एकदा आपटला, तर व्हॉल्व्हचा चुरा. तेव्हापासून प्रत्येक हॉलचा जिना ही दोघं भांडत चढायची, आणि कार्यक्रम संपेपर्यंत वहिनी स्टेजमागे त्या धुडाशेजारी बसून राहायच्या.

आता वहिनींचे गुडघे गेले. डॉक्टरनं सांगितलं, भाजीची पिशवीसुद्धा उचलायची नाही. झालं! ढगोबा कार्यक्रमांना नाही म्हणायला लागला. मग लेकीनं हा नवा ॲम्प पाठवला. डब्याएवढा, खांद्याला लटकवा नि चालू लागा. ढगोबानं जाहीर केलं, “हिच्या कानाला पटला तर वाजवीन. नाहीतर गिटार खुंटीला.”

म्हणून ही न बघता परीक्षा. वायर बदलायचं काम माझ्याकडे. आधी नवा लावला. बटण दाबलं की आवाज हजर. एकेक सूर घासूनपुसून ठेवल्यासारखा, खोट काढायला जागा नाही. पण पाहुण्यासारखा दारातच उभा, आत काही यायचा नाही.

मग जुना. तो तापेपर्यंत तिघंही थांबून राहिलो. ढगोबानं तीच चाल पुन्हा छेडली. काय सांगू तुम्हाला! आवाज जमिनीतून आला, पायांतून चढत पोटात शिरला. मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या. वहिनींनी हळूच तळहात भिंतीला टेकवला, आणि आवाज थांबेपर्यंत काढला नाही.

“बोल. कुठला?”

वहिनी वळल्या नाहीत. “पहिला.”

“पहिला?”

“मोकळा वाटतो. दुसरा फार घोगरा. तुमच्या घोरण्यासारखा.”

“अगं, ताटल्या वाजल्या की! बहिऱ्यालासुद्धा कळेल कुठला कुठला ते.”

“वाजल्या असतील. मला पहिला आवडला. शनिवारी कार्यक्रमाला जा गुपचूप.”

“आणि तू?”

“मी कशाला? त्याला एक माणूस पुरतो.”

ढगोबा माझ्याकडे बघायला लागला. मी वायर गुंडाळायला घेतली. नवराबायकोच्या खोट्यात तिसऱ्यानं पडू नये.

शनिवारी गेलो. हॉलचा जिना चांगला ऐसपैस, वर-खाली कुणी नाही. ढगोबा पुढे, हातात गिटार, खांद्याला तो डबा.

“अरे, भिंतीला घासतोयस,” मी मागून ओरडलो, “मधून चाल की!”

“हो, हो,” तो म्हणाला.

पण वरच्या पायरीपर्यंत तो भिंतीला खेटूनच चढला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.