आतेभावाचा आहेर

“एकावन्न?” एस्टीतून उतरल्या उतरल्या रंगुबाईंनी पुन्हा तोच विषय काढला. “सख्ख्या भावाच्या लेकीचं लगीन, आन् माझ्या घरचा आहेर एकावन्न? त्यो म्हस्कू माईकवरनं सगळ्या कळंबला वरडून सांगंल. त्यापरीस मी हितनंच माघारी शेळगावला जाती.”

“आये, एकावन्नच,” दादासो म्हणाला. “बाकीचं बँकंचं हायेत. उद्या इंदापूरला जाऊन थकबाकी भरली की मामाचा पगार कापायचं थांबतंय. सायबानं शब्द दिलाय.”

“उद्याचं उद्या. आन् आजचं काय? माहेरच्या मांडवात तोंड मला दाखवायचंय, तुझ्या सायबाला न्हाय.”

बनियनला शिवून घेतलेल्या चोरखिशावर दादासोने शर्टावरूनच हात दाबून पाहिला. आत पंधराशे रुपये होते, बोनस आणि दिवाळीतल्या जादा पाळ्या मिळून. बारामती एमआयडीसीत ज्या दुधाच्या कारखान्यात तो राबत होता, तिथल्या ठेकेदाराने ते अगदी आपल्या खिशातून दिल्यासारखे हातावर टेकवले होते.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला माणूस हा! कॉलेज विनाअनुदानित, म्हणजे आधी डोनेशन मोजा आणि मग वर्गात बसा. त्या डोनेशनपायी बापाने, आबाजीने, होती नव्हती ती मेंढरं विकली. पुढच्या फीसाठी बँकेचं शिक्षणाचं कर्ज काढलं. पास झाला तेव्हा गावात पेढे वाटले, पोरगा इंजिनियर झाला म्हणून. कसला इंजिनियर अन् कसलं काय! ‘पुढच्या वर्षी कायम करतो’ या एका वाक्यावर ठेकेदाराने त्याला तीन वर्षं कॅन धुवायला लावलं. पगार चौदाशे. त्यात खोलीचं भाडं, खानावळ, बापाचं औषध. बँकेने हप्ता बांधला तो पक्क्या नोकरीच्या माणसाला झेपेल असा. ठेकेदाराच्या माणसाने तो कुठून भरायचा, याची बँकेला फिकीर नव्हती. तिच्याकडे जामीनदार होता.

जामीनदार म्हणजे मामा, सर्जेराव. शाळेत शिपाई, पण पगार सरकारी. “माझी दिपाली तुझ्याच घरात यायची हाय. जावयाला न्हाय जामीन ऱ्हायचं तर कुणाला?” असं म्हणत त्याने हसत हसत सही ठोकली होती. हप्ते थकले तसं बँकेने शाळेला कळवलं आणि दर महिन्याला मामाच्या पगारातून पैसे कापले जायला लागले. मामा एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं दादासोला कैकदा वाटलं. गेल्या महिन्यात शेळगावला नुसता निरोप आला की दिपालीची सुपारी फुटली. नवरा एस्टीत कंडक्टर, नोकरी कायम.

मांडवाच्या तोंडाशी मामा हात जोडून उभा होता. “आक्का, आलीस? दादा, जेवल्याबिगर जायचं न्हाय बरं का,” तो म्हणाला आणि मागून येणाऱ्या पाहुण्यांनाही अगदी तसंच म्हणाला. दादासोला ते लागलं. पूर्वी हाच मामा त्याला पाहिला की रस्त्यातच मिठी मारायचा.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि आहेर सुरू झाले. कळंबला आहेराचा कारभार म्हस्कूकडे. गावात कुणाचंही लग्न असो, टेबलापाशी माईक धरून हा गडी देणाऱ्याचं नाव आणि आकडा असा काही पुकारायचा, की एकवीस रुपये देणारा गुपचूप मांडवाबाहेर सटकायचा.

“रामभाऊ पाटलांकडनं एकशे एक! आप्पा गवंड्याकडनं पातेलं आन् अकरा रुपये! आप्पा, पातेल्याला बूड हाय नव्हं?”

सगळा मांडव हसला. दादासोही हसला आणि चोरखिशातून पन्नासाची नोट काढून, वर एक रुपया ठेवून टेबलाकडे निघाला. त्याच्या पुढे नवरदेवाकडचे दोघे जण पान जुळवत उभे होते.

“पोरगी चांगली हाय,” त्यातला एक म्हणाला. “पण पोरीचा बाप पार बसला की वं. पगार बँकच न्हेती म्हणं. कुणा भाच्याला जामीन ऱ्हायलाय.”

“मग भाचा काय करतो?”

“इंजिनियर हाय!” पहिला म्हणाला आणि फिस्सकन हसला. “दुधाचं कॅन धुणारा इंजिनियर. मामाला पार धुतला की त्यानं.”

दादासोचे कान तापले. अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्या क्षणी त्याला बँक आठवली नाही, साहेबाचा शब्द आठवला नाही, उद्याचा दिवससुद्धा आठवला नाही. त्याने पुन्हा खिशात हात घातला आणि म्हस्कूपुढे नोटा मोजून टाकल्या. माईक किंचित कण्हला.

“अरारारा! ऐका मंडळी! नवरीचे आतेभाऊ, शेळगावचे दादासो इंजिनियर, यांच्याकडनं आहेर, एक हजार एक रुपये! पुन्हा सांगतो, एक हजार एक!”

मांडवात कुजबुज झाली. नवरदेवाकडच्या त्या दोघांनी मागे वळून पाहिलं. बायकांत बसलेल्या रंगुबाई ताठ झाल्या, शेजारणीकडे बघून त्यांनी पदर सारखा केला. दिपालीने मुंडावळ्यांच्या आडून एकदा वर पाहिलं आणि लगेच खाली बघितलं. दादासोला वाटलं, जिंकलो. वाटलं ते फार तर टेबलापासून मांडवाच्या कडेला जाईपर्यंत टिकलं. तिथे मामाने त्याचं मनगट धरलं आणि ओढत चुलाणाच्या मागे नेलं.

“कुठलं आणलंस एवढं?”

“बोनस मिळाला, मामा.”

“बँकंत भरणार हुतास नव्हं?”

दादासोने मान हलवली. मग त्याच्या तोंडून निघालं, “ती माणसं बोलत हुती, मामा. कॅन धुतो म्हणून हसत हुती.”

“आरं, धुतोसच की! मी बी शाळंत झाडू मारतो. चोरी केली का आपण?” मामाचा आवाज चढला, पण पाहुण्यांची आठवण होऊन त्याने तो गिळला. “हे पैसं माझ्या हातात ऱ्हात्यात व्हय? सांजच्याला मंडपवाला घिऊन जाईल. आन् पयल्या तारखंला बँक माझा पगार कापायचा तेवढा कापणारच.”

“मामा, चुकलं माझं. म्हस्कूकडनं माघारी घेतो मी.”

“पुकारल्याला आहेर माघारी घेतलेला बघितलाय का कुठं? माझ्या लेकीच्या सासरची बसल्यात तितं.” मामा चुलाणाकडे बघत राहिला. “आन् दुसरी गोष्ट तुझ्या ध्यानात आली न्हाय. आहेर फेडावा लागतो, लेका. उद्या तुझं लगीन निघालं की मला हजारावर वाढवून घालाय लागणार. न्हाय घातला तर ह्योच म्हस्कू माईकवरनं माझी इज्जत काढंल. तुझं बँकंचं देणं मी फेडतोय. आता तुझा आहेर बी मीच फेडायचा.”

मामा रागावला असता, दोन मुस्काटात मारल्या असत्या तर दादासोने मुकाट सोसल्या असत्या. पण मामा रागावलेलाही दिसत नव्हता. पोरीच्या लग्नात बाप जेवढा थकतो, त्याच्यापेक्षा जास्त थकलेला दिसत होता.

तेवढ्यात माईक गरजला. “नवरीचे बाप सर्जेराव, कुठं हायसा? हजारावर आहेर करणाऱ्या आतेभावाचा सत्कार ऱ्हायलाय! फेटा बांधा की इंजिनियर सायबाला! फोटोवाले, तुमी बी या!”

“चल,” मामा म्हणाला. “लोकं वाट बघत्यात.”

टेबलापुढे दोघे समोरासमोर उभे राहिले. कुणीतरी गुलाबी फेट्याचं कापड मामाच्या हातात दिलं. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला वेढा घालता घालता मामा हळूच म्हणाला, “मान वर कर की रं. बांधता येईना.”

दादासोला मान वर करता आली नाही. मामा क्षणभर थांबला, आणि मग खाली घातलेल्या त्या डोक्याभोवतीच त्याने फेटा बांधत नेला.